जाड्या-रड्याचा चिखलकालो

गोव्यात माशेलला चिखलकाल्याच्या, म्हणजे चिखलात खेळायच्या सणाच्या दिवशी दुपारी घरोघरी एकच कार्यक्रम, आंघोळीची रांग. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानातून तेल नि चिखल माखून आलेली पोरं एकेक करून विहिरीवर, आणि ज्यांची आटपली त्यांना गप्प बसवायला भावाने डिस्क लावली, 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी', 1927 चा मूकपट, लॉरेल-हार्डी म्हणजे आपले जाड्या-रड्या. वीसेक मिनिटांचा मामला.

आता या फिल्मचं नशीब बघा. पाय-फाईटसाठी जगभर नाव (पाय म्हणजे खायचा पाय, केकसारखा गोड पदार्थ, तो एकमेकांच्या तोंडावर मारायचा, आमच्याकडे पोरांनी त्यावरूनच पहिली पाच मिनिटं खिदळून घेतलं) आणि तोच भाग अख्खा कुणाकडे नव्हता. 1957 च्या एका संकलनपटात कापून घेतलेले तुकडे तेवढे उरले होते, त्यावरच लोक इतकी वर्षं हसत होते. पाय-फाईटचं पूर्ण दुसरं रीळ मिळालं ते थेट 2015 मध्ये, जॉन मिर्सॅलिस नावाच्या संग्राहकाला.

मी तुकडेवालं पाहिलेलं, वाटायचं की नुसती फेकाफेकी आहे. पूर्ण पाहिल्यावर कळतं की खरी गंमत थांबण्यात आहे, म्हणजे तोंडावर पाय बसला की माणूस लगेच ओरडत नाही, आधी डोळे पुसतो, कुणी मारला ते शांतपणे बघतो, पायांच्या गाडीपर्यंत चालत जातो, पाय उचलतो आणि मग मारतो, आणि तो लागतो भलत्यालाच. असं करत करत अख्खा रस्ता माखतो. डेंटिस्टच्या खुर्चीत आ करून बसलेला माणूसपण सुटत नाही!! तीन हजारांवर पाय लागले असं सांगतात, खरंखोटं देव जाणे, पण स्क्रीनवर कंजुषी कुठेच दिसत नाही.

सुरुवातीच्या बॉक्सिंगमध्ये रड्या चुकून समोरच्या पैलवानाला आडवा करतो आणि नियमाप्रमाणे कोपऱ्यात जायचंच विसरतो, त्यामुळे रेफ्रीचा दहापर्यंतचा काउंटच सुरू होत नाही. त्याच वर्षी शिकागोला डेम्प्सी-टनी या बॉक्सरांच्या मॅचमध्ये असाच घोळ झालेला, त्याची टर आहे. पोरांना ते कुठलं माहीत, तरी ती लोळली.

मधला इन्शुरन्सचा सीन मात्र अजून गायबच, तिथे फोटो आणि पाट्या लावून काम भागवलंय. जाड्या रड्याचा अपघात विमा काढतो आणि मग पैशासाठी त्यालाच पाडायला केळ्याची साल टाकतो, सालीवरून घसरतो पायवाला. पाट्या इंग्लिश, त्या मला मोठ्याने मराठीत सांगत बसावं लागलं नि लय तुटली. संगीतही जरा जास्तच उड्या मारतं, मी शेवटी आवाज बंद केला, बाहेरचा पाऊस पुरेसा होता.

पोरांनी दोनदा बघितली, आजीने एकदा, पण चष्मा लावून. धाकटीने विचारलं, एवढे पाय फुकट गेले, त्या माणसाला पैसे कोण देणार गो आजी?

आजी म्हणाली, इन्शुरन्स.