सहल अर्धवट राहिली: पैसे परत, पुन्हा प्रवेशाचा पास की व्हाउचर?

मनोरंजन पार्कमध्ये मुलाला अचानक ताप भरतो, नाहीतर विजा कडाडू लागतात आणि राईड्स थांबवल्या जातात. अशा वेळी तिकीट खिडकीवर साधारण तीनपैकी एक गोष्ट मिळते: पैसे परत, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रवेशाचा पास किंवा तेवढ्या रकमेचं व्हाउचर. तुमचं पारडं किती जड, हे आधी कारणावर ठरतं. बंद पार्कने केलं असेल तर पैसे ठामपणे मागा. तुम्ही आपणहून निघालात तर बहुतेक ठिकाणच्या नियमांत परतावा बसत नाही. मग पैशांवर अडून न बसता पास मागा. व्यवस्थापकाला तो देणं सोपं जातं, कारण गल्ल्यातून काही जात नाही.

पैसे परत घेण्यात एक बरं असतं, विषय तिथेच संपतो. मात्र अर्धी सहल झाली म्हणून अर्धे पैसे, असा तासांचा हिशोब सहसा कोणी करत नाही. प्रवेशाच्या वेळी तिकीट स्कॅन झालं की ते ‘वापरलेलं’ धरलं जातं. बुकिंगचं शुल्क बहुधा बुडतंच. तिकीट दुसऱ्याच ॲपवरून काढलं असेल तर खिडकीवरच्या माणसाला तुमच्या व्यवहाराला हात लावता येत नाही. त्याच्याकडून लेखी शेरा तेवढा घ्या आणि पैसे ॲपकडे मागा.

पास दिसायला सगळ्यात उदार, पण त्याचा खरा हिशोब घरापासून सुरू होतो. समजा तिकिटांचा खर्च १०० धरला आणि जाण्यायेण्याचा ६०. तुम्ही मुदतीत तसेही पुन्हा येणार असाल तर पासमुळे पूर्ण १०० वाचतात. केवळ पास हाती आहे म्हणून येणार असाल, तर ६० नव्याने खर्च होतात आणि पदरात ४० उरतात. त्यापेक्षा निम्मे पैसे रोख मिळत असतील तर ते घ्या. पासवर तीन गोष्टी वाचा: शेवटची तारीख, सुट्टीच्या आणि गर्दीच्या दिवसांची बंदी, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी यायची अट. मुलांचं तिकीट उंचीवर असेल तर आणखी एक गोम आहे. आज पट्टीच्या दोन बोटं खाली असलेलं मूल सहा महिन्यांनी पट्टीच्या वर जाऊ शकतं आणि दारात फरकाची रक्कम मागितली जाते. म्हणून ‘उंची वाढली तरी चालेल’ असं पासवरच लिहून घ्या.

व्हाउचर आम्ही शेवटी ठेवतो. बरीचशी व्हाउचर एकदाच, एकाच बिलासाठी वापरता येतात. बिल कमी झालं तर उरलेली रक्कम बुडते. घ्यायचंच असेल तर एका मोठ्या व्हाउचरऐवजी माणशी एक मागा.

तिकिटाच्या नियमांतल्या पावसाच्या कलमाकडे नीट बघा, सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. ‘सलग ६० मिनिटं बंद’ अशी अट असेल तर त्यातला ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. पन्नासाव्या मिनिटाला राईड थोडा वेळ सुरू झाली की मोजणी पुन्हा शून्यापासून. शिवाय एखादी राईड बंद असणं आणि पूर्ण जागा बंद असणं या नियमांच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत.

काहीही निवडलंत तरी फाटकाबाहेर पडण्याआधी मागणी नोंदवा. एकदा बाहेर पडलात की किती वाजता आणि का निघालात, हे सिद्ध करणं अवघड होतं. मनगटावरचा पट्टा कापू नका. बंदच्या फलकाचा फोटो लगेच काढा, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. लॉकरची आणि भाड्याच्या कपड्यांची अनामत तिकिटाच्या परताव्यात धरू देऊ नका. ती वेगळी आणि पूर्ण परत मिळायला हवी. खाण्यासाठी पैसे भरलेलं कार्ड असेल तर शिल्लकही तेव्हाच काढून घ्या, कारण काही ठिकाणी ती फक्त त्याच दिवशी परत मिळते.

कबूल केलेले पैसे आले नाहीत तर कार्डाच्या बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार करता येते. तिला मुदत असते, म्हणून वाट बघत महिने घालवू नका. मधल्या काळात ‘पैशांऐवजी’ म्हणून पाठवलेलं व्हाउचर वापरलंत तर ही तक्रार लंगडी पडते. पैसेच हवे असतील तर तसं लेखी कळवून व्हाउचर परत करा.