बाळंतपणाची पाच पुस्तकं, सात महिन्यांनंतर

लेक सात महिन्यांची झाली. हाताला येईल ते तोंडात घालते. परवा तिने गरोदरपणाच्या महिनावार माहितीचं आमचं सगळ्यात जाड पुस्तक चघळून त्याच्या कोपऱ्याचा लगदा केला, आणि मी ते काढून घ्यायची घाई केली नाही.

सगळ्यात आधी घेतलेलं तेच. कितव्या आठवड्यात बाळ केवढं असतं हे वाचायला मजा यायची, पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दुर्मिळ गुंतागुंतींची यादी. बायको रात्री ती वाचायची आणि मग जागीच राहायची. सातव्या महिन्यात मी ते कपाटावर टाकलं. अडलं तर उघडायला ठीक, सलग वाचू नका.

खरं कामाला आलं ते प्रसूतीच्या वेळी सोबत असणाऱ्यासाठी लिहिलेलं पातळ पुस्तक. पहिल्या खेपेला कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक कळ मिनिटभर, आणि हे तासभर चाललं की निघायचं, असं त्यात एका चौकटीत होतं. (पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर घड्याळ बघत बसायचं नाही, हेही तिथेच.) पहाटे ३ वाजता मी त्या चौकटीवर बोट ठेवून बसलो होतो. कंबर कुठे दाबायची हे त्यातून शिकलो, आणि गप्प कधी बसायचं हेही. तक्रार एकच, पण मोठी: सिझेरियनला जेमतेम चार पानं. आमचं शेवटी सिझरच झालं. टाके ताजे असताना बाळाला पाजायला कसं धरायचं, खोकताना पोटाशी उशी कशी दाबायची, हे नर्सने दाखवलं. पुस्तक घेण्याआधी अनुक्रमणिकेत सिझेरियन शोधा.

अंगावर पाजण्याचं पुस्तक बायकोने आणलं तेव्हा मी म्हटलं होतं, यात वाचायचं काय? तिसऱ्या दिवशी कळलं. जन्मताना २९०० ग्रॅमची लेक २६६० वर आली आणि आमचे चेहरे पडले. पुस्तक म्हणत होतं, सुरुवातीला जन्मवजनाच्या १० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते, बहुतेक बाळं दोन आठवड्यांत ती भरून काढतात. जास्त घटलं किंवा बाळ सुस्त वाटलं तर थांबू नका. हिशेब केला, सव्वाआठ टक्के. तरी डॉक्टरांना दाखवलं. गडबड पकडीत होती: नुसतं स्तनाग्र नव्हे, भोवतालचा काळसर भागही तोंडात जायला हवा. पुस्तकात त्याचं सुरेख चित्र होतं, आम्ही बघून पान उलटलेलं. बाराव्या दिवशी काटा २९२० वर. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं, पाचव्या दिवसापासून किमान ६ ओले लंगोट, काळपट हिरवी शी पिवळी होणं, ही तीन मापं बरेच दिवस फ्रिजवर चिकटलेली होती.

चौथं पुस्तक एका नातेवाईक बाईंनी जपून ठेवलेलं, प्रेमाने दिलेलं. त्यात बाळाला पालथं झोपवायला सांगितलंय. एकेकाळी डॉक्टरही तेच सांगत, डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ साली आलेल्या, जगभर खपलेल्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांतही तो सल्ला होता. उताणं बाळ उलटी होऊन गुदमरेल, ही भीती. प्रत्यक्षात पालथ्या झोपेतच अचानक मृत्यूचा धोका जास्त असल्याचं दिसलं आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली. म्हणून पुस्तक कितीही मायेचं असो, आवृत्तीचं साल बघा. ते परत कसं करायचं हे मात्र आम्हाला अजून सुचलेलं नाही.

झोपेच्या वेळापत्रकाचं पाचवं पुस्तक लेकीने वाचलेलं नाही, त्यामुळे उपयोग शून्य.

आमची चूक वेगळीच होती. कळांवर तीनेकशे पानं वाचली आणि नवजात बाळाची प्रकरणं "नंतर बघू" म्हणून ठेवली. नंतर कसलं बघतोय! तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप म्हणजे लगेच डॉक्टर, हे निदान मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवलं होतं. पण रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि मग ओसरत जातं, हे मी वाचलं तेव्हा लेक अकरा आठवड्यांची होती, आणि शेजारी शांत झोपली होती.