कमरेला अठरा महिने : .३२ बोअरच्या आखूड रिव्हॉल्व्हरचा वापरानंतरचा अनुभव

नागपूरच्या कळमना बाजारात माझी संत्र्याची अडत आहे. हंगामात पहाटे साडेचारला घर सोडावे लागते आणि पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाचे, पैसे बहुतेक शेतकऱ्यांना त्याच दिवशी, तेही रोखीने हवे असतात. या कारणावरून मी परवान्यासाठी अर्ज केला. तो मिळायला किती चकरा माराव्या लागल्या, हा या लेखाचा विषय नाही. जानेवारी २०२४ मध्ये देशी बनावटीचे, सहा गोळ्यांचे, आखूड नळीचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर माझ्या हाती आले आणि पुढच्या अठरा महिन्यांत ते कमरेला, गाडीत, तिजोरीत आणि दोन वेळा सरकारी आदेशाने दुसऱ्याच्या ताब्यात राहिले. बनवणाऱ्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या आकाराच्या कोणत्याही रिव्हॉल्व्हरला लागू आहेत.

आपल्याकडे परवानाधारकासमोर निवड तशी थोडीच असते. ९ मिलिमीटरचे बोअर (नळीच्या आतल्या छिद्राचे माप) सामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे छोट्या हत्यारांत बहुतेकांची गाडी .३२ वर येऊन थांबते. २०१४ मध्ये बाजारात आलेले, टायटॅनियम मिश्रधातूचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. .२२ बोअरचे ‘निडर’ त्याच्याही निम्म्या वजनाचे, २५० ग्रॅमचे आहे. २०२३ मधल्या ‘प्रबल’ची नळी ७६ मिलिमीटरची आणि वजन ६७५ ग्रॅम आहे. खरेदीपूर्वी मी हे आकडे पाठ केले होते आणि जितके हलके तितके चांगले, अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत सरावाच्या पहिल्याच दिवशी डळमळली.

चक्री, म्हणजे काडतुसांचा फिरता भाग, असलेल्या हत्यारात चाप दोन प्रकारे चालतो. घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवला, तर चाप अगदी हलका होतो आणि बोटाच्या जरा दाबाने बार उडतो. घोडा न ओढता थेट चाप ओढला, तर तेच एक बोट चक्री फिरवते, घोडा मागे नेते आणि सोडते, त्यामुळे चाप जड आणि लांब लागतो. दुकानात हत्यार हाताळताना आपण हौसेने घोडा ओढून पाहतो आणि चापावर खूश होतो. प्रत्यक्ष संकटात मात्र घोडा ओढण्याइतकी सवड मिळेल असे धरून चालता येत नाही, म्हणून सरावही जड चापानेच करायला हवा. पहिल्या दिवशी दहा मीटरवरून घोडा ओढून मारलेल्या सहाही गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसल्या. जड चापाने मारलेल्या सहांपैकी दोन तर कागदालाही शिवल्या नाहीत आणि उरलेल्या चारांतल्या तीन खाली डावीकडे गेल्या होत्या.

गोळीबाराच्या सरावाच्या रेंजवर शिकवणारे निवृत्त हवालदार शेजारी उभे होते. ते म्हणाले, “भाऊ, तुमाले घाई कायची हाय? चाप वढू नका, दाबत या.” त्यांनी रिकाम्या हत्याराच्या नळीवर, माशीच्या (नेम धरायच्या पुढच्या उंचवट्याच्या) मागे, एक रुपयाचे नाणे ठेवले आणि नाणे न पडता चाप शेवटपर्यंत दाबून दाखवायला सांगितले. मला पहिल्या दिवशी वीसपैकी तीनदाच जमले. पुढे काडतुसे बाहेर काढून, दोनदा तपासून, भिंतीकडे तोंड करून हाच सराव मी घरी रोज दहा मिनिटे करू लागलो आणि साधारण चार महिन्यांनी सात मीटरवरून जड चापाच्या सहाही गोळ्या ताटात येऊ लागल्या. त्यापलीकडे माझी प्रगती झालेली नाही. नळी आखूड असल्याने माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर कमी, म्हणून नेमातली केसभर चूक लक्ष्यावर वितभर होते. शिवाय मूठ इतकी लहान आहे की करंगळी हवेतच राहते.

वजनाबद्दलचे माझे मत इथेच उलटे झाले. .३२ चा धक्का तसा सौम्य असतो, मनगट दुखवणारा नाही, पण हलक्या हत्यारात तोच धक्का नळी वर उचलतो आणि दुसऱ्या गोळीसाठी नेम पुन्हा धरावा लागतो. रेंजवर एका सदस्याचे जड, जुन्या घडणीचे रिव्हॉल्व्हर चालवून पाहिले तेव्हा माझ्याच गोळ्या लगेच जवळजवळ बसू लागल्या. थोडक्यात, जे कमरेला सुखाचे ते हाताला अवघड, आणि दुकानदार आपल्याला फक्त कमरेचे सुख दाखवतो.

भरवशाच्या बाबतीत हत्याराविषयी माझी तक्रार नाही. अठरा महिन्यांत सुमारे दीडशे गोळ्या झाडल्या आणि त्यांतल्या दोन फुटल्या नाहीत. पहिली फुटली नाही तेव्हा हवालदारसाहेबांनी नळी लक्ष्याकडेच धरून मनातल्या मनात तीस आकडे मोजायला लावले, कारण दारू कधी कधी उशिरा पेट घेते. मग ते काडतूस बाहेर काढले, तर घोड्याची खूण काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टिकलीवर व्यवस्थित उमटलेली होती, म्हणजे दोष काडतुसाचा होता. खऱ्या प्रसंगी चाप पुन्हा दाबला की चक्री पुढचे काडतूस समोर आणते आणि दुसरा हात लावावाच लागत नाही. पिस्तूल न घेता मी चक्रीकडे वळलो त्याचे हेच कारण होते आणि ते आजही मला पटते. निव्वळ शिशाच्या गोळीमुळे नळीत शिशाचा थर बसतो, चक्रीच्या तोंडाशी काजळी धरते, आणि सराव झाला त्याच रात्री ब्रश मारला नाही तर आठवडाभराने दुप्पट घासावे लागते.

आता नागपूरच्या हवेकडे येतो. डिसेंबर-जानेवारीत जाकीट असते, त्यामुळे कमरेला काही आहे हे घरच्यांच्याही लक्षात येत नाही. एप्रिलपासून पारा चाळिशी ओलांडतो, अंगात पातळ सुती शर्ट असतो, आणि कॅरेट उचलायला वाकले की पाठीमागे उंचवटा स्पष्ट दिसतो. एका हमालाने पहिल्याच आठवड्यात “सेठ, मोबाईल मोठा घेतला का?” असे विचारले, तेव्हा झाकले गेले आहे हा माझा समज संपला. मग शर्ट एक माप मोठे शिवून घेतले, चौकडीच्या कापडाचे, कारण चौकडीत उंचवटा कमी कळतो. हत्यार सार्वजनिक ठिकाणी मिरवायला २०१६ च्या शस्त्र नियमांनी मनाई केलेली आहेच, पण बाजारात ही गोष्ट षट्कर्णी होणे हाच मुळात मोठा धोका आहे.

होल्स्टरवर मी हत्यारापेक्षा जास्त विचार केला, असे म्हटले तरी चालेल. पहिले मऊ चामड्याचे, पॅन्टच्या आत बसणारे घेतले. मे महिन्यात ते घामाने भिजून इतके सैल झाले की हत्यार बाहेर काढल्यावर त्याचे तोंड मिटून जाई आणि परत ठेवायला दोन्ही हात लागत. घामातल्या मिठाने चक्रीच्या शरीराकडच्या बाजूला तांबूस ठिपके आले, तेही तेल लावत असताना. दुसरे होल्स्टर जाड, कडक चामड्याचे शिवून घेतले. त्यात चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली जाते आणि अंगाच्या बाजूला चामड्याची एक पट्टी उंच ठेवलेली आहे, म्हणजे घाम थेट लोखंडाला लागत नाही. चापाची कडी झाकली जाणे ही अट मी सोडणार नाही, कारण या हत्याराला वेगळे सेफ्टीचे बटण नाही आणि जड चाप हाच त्याचा एकमेव अडसर आहे. खिशात सुटे ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याच खिशात गाडीची किल्लीही असते!

होल्स्टरची जागा मात्र एका प्रसंगानेच ठरवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये, मृग बहाराच्या संत्र्यांचा माल जोरात असताना, रात्री साडेनऊच्या सुमारास पारडीकडून वर्धमाननगरला येत होतो. एक मोटारसायकल, वर दोघे, बाजारापासून मागे होती. मी वेग कमी केला की तीही कमी करी. सिग्नलला ती उजव्या खिडकीशी येऊन उभी राहिली आणि मागे बसलेल्याने काचेवर बोटाने टकटक केली. माझा हात कमरेकडे गेला आणि तिथे सीटबेल्टचा पट्टा लागला. हत्यार उजव्या कुशीवर, त्यावर शर्ट, त्यावर ताणलेला पट्टा. बोटांना मूठ लागली पण उपसता येईना. मी हॉर्नवर तळहात ठेवला, तो उचललाच नाही, आणि सिग्नल तोडून थेट पोलीस चौकीपर्यंत गेलो. ते दोघे वाटेत कुठे वळले ते दिसले नाही. कदाचित पत्ताच विचारत असतील. घरी येऊन बंद गाडीत, रिकाम्या हत्याराने, पट्टा लावून उपसून पाहिले, तर सात-आठ सेकंद लागले. तेव्हापासून होल्स्टर पुढे, पोटाच्या डाव्या बाजूला, मूठ उजवीकडे करून असते आणि बसल्या बसल्या तीन सेकंदांत हात पोहोचतो. जेवणानंतर टोचते, ते सोसतो.

त्या रात्री हत्यार हाती आले असते तरी ते वापरणे योग्य ठरले असते का, हे वकील मित्राला विचारले. त्याने भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ समोर ठेवली. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण कलम ३७ प्रमाणे गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि जीव घेण्यापर्यंतचा हक्क कलम ३८ आणि ४१ मधल्या मोजक्या परिस्थितींतच मिळतो. काचेवर टकटक त्यांत कुठेच बसत नाही. लग्नाच्या वरातीत “एक बार होऊन जाऊ द्या” म्हणणाऱ्या पाहुण्यांसाठीही उत्तर तयार ठेवले आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वापराच्या हिशेबात एक गोष्ट खरेदीपूर्वी मला कोणी सांगितली नव्हती. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली आणि हत्यार जमा करण्याची नोटीस आली. ते जूनमध्ये परत मिळाले. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि पुन्हा नोव्हेंबरअखेरपर्यंत तेच. मार्च-एप्रिल म्हणजे मृग बहाराचा शेवट, ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आंबिया बहाराची सुरुवात. रोकड ज्या दिवसांत सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवसांत माझ्याकडे हत्याराची पावती होती. जून महिन्यात परत आलेल्या हत्याराच्या नळीत गंजाची बारीक पूड होती, म्हणून दुसऱ्या वेळी मी नळीत तेलाचा जाड थर देऊन, तेलकागदात गुंडाळून जमा केले आणि ते जसेच्या तसे परत आले. परवाना महाराष्ट्रापुरता असल्याने काटोल, नरखेड, वरुडला जाताना हत्यार बरोबर असते, पण पांढुर्ण्याला माल पाहायला जाताना ते तिजोरीत राहते, कारण वाटेत मध्य प्रदेशाची हद्द लागते.

घरात नातू चार वर्षांचा आहे. हत्यार तिजोरीत, काडतुसे दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही किल्ल्या हिच्याकडे, ही अट हिनेच घातली. पहाटे निघताना किल्ली मागावी लागते आणि ती रोज न चुकता विचारते, “आज रोकड आहे का?” यंदाच्या मृगात निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांची पट्टी मी खात्यावर पाठवली, त्यामुळे बऱ्याच दिवशी उत्तर ‘नाही’ असते आणि किल्ली तिच्या पदरालाच राहते.