किडनी वाचवण्याच्या नावाखाली ४९,६५० रुपये

दादाच्या जिभेच्या कॅन्सरवर रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू होतं. या औषधाने किडनीला त्रास होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सलाईन, मॅग्नेशियम, लघवी मोजून लिहून ठेवणं, सगळं त्यासाठीच. दुसऱ्या डोसनंतर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा, ०.९ वरून १.४ वर गेलं आणि त्याच आठवड्यात मला फोन आला. समोरच्याला दादाचं नाव, औषधाचं नाव आणि तो १.४ चा आकडासुद्धा माहीत होता! रिपोर्ट लॅबमधून फुटला की वॉर्डातून, याचं उत्तर आजतागायत कोणी दिलेलं नाही. असा फोन आला तर आधी हॉस्पिटलला जाब विचारा.

त्याच्याकडे म्हणे किडनी वाचवणारी पावडर होती. पुढचं तुम्ही ओळखालच. आधी "ताई, काळजी करू नका", मग "स्टॉक संपत आलाय", मग आणखी पैसे. हळदीतलं कर्क्युमिन, सिलिमरिन, क्वेर्सेटिन, द्राक्षाच्या बियांचा अर्क, असे वनस्पतींतले घटक त्या पावडरीत आहेत म्हणे. एक किट १८,५०० चा. दोन घेतले, ३७,०००. रिपोर्ट बघून डोस ठरवायची फी ३,२००. परदेशातून आलेला अर्क सोडवायला ९,४५०, आणि तो अर्क आलाच नाही.

"शिकलेली असून कशी फसलीस?" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं की त्याचं निम्मं बोलणं खरं होतं. सिस्प्लॅटिन किडनीतल्या नलिकांच्या पेशींत साठतं, तिथे पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स वाढतात, आणि त्यांना आवरणाऱ्या वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंटवर संशोधनही भरपूर झालंय. मी नेटवर शोधलं तर पेपरच पेपर निघाले. भाऊ डोळ्यांदेखत खंगत असताना कोण गप्प बसेल?

पण तो आलेख. तो आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांनी पाठवलेल्या माहितीपत्रकात दोन रंगीत खांब होते, लाल उंच, हिरवा ठेंगणा. हिरव्याखाली लिहिलं होतं, "आमच्या अर्कासह". आणि अगदी तळाला, मोबाईलवर दोन बोटांनी मोठं केल्यावरच दिसेल अशा अक्षरांत, विस्टार उंदीर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक जात. मी विचारलंसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, "ताई, उंदराची आणि माणसाची किडनी सारखीच चालते, म्हणून तर प्रयोग करतात." आणि लगेच, "डॉक्टरांना सांगू नका, ॲलोपॅथीवाल्यांना हे पटत नाही." तिथेच फोन आपटायला हवा होता. डॉक्टरांपासून लपवा म्हणणारा माणूस चोरच समजा, मग तो कितीही गोड बोलो.

डबा हातात आल्यावर त्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक होता. तो खाद्यपदार्थाचा, औषधाचा नव्हे. बाजूला बारीक अक्षरांत, औषधी वापरासाठी नाही. फोनवर औषध, डब्यावर खाऊ.

पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन १.९. डॉक्टरांनी सिस्प्लॅटिन थांबवून कार्बोप्लॅटिन सुरू केलं. पावडरीमुळेच झालं असं ते म्हणाले नाहीत. पण आत काय आहे हेच कळत नसेल तर कारण शोधायचं कसं, असं म्हणाले. शिवाय अँटिऑक्सिडंट किडनीच्या पेशींबरोबर कॅन्सरच्या पेशींनाही वाचवत असेल तर? माणसांवर ठोस पुरावा नाही, तोवर केमोत असलं काही देऊ नका. आणि त्यांना न विचारता दुखण्याच्या गोळ्यासुद्धा नकोत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किडनीवर भार टाकतात. हे त्यांनी फुकट सांगितलं.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" त्या ९,४५० चा माल कुठे मिळाला, हे विचारल्यावर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, उशीरही झाला. अन्न आणि औषध प्रशासनाच्या कचेरीत अन्नाचा विभाग सांगतो, दावा औषधाचा आहे, शेजारी जा. शेजारचे सांगतात, परवाना अन्नाचा आहे, परत जा. दोन टेबलांमध्ये चार पावलांचं अंतर, पण अर्ज घ्यायला कोणी तयार नाही! कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे मी त्यांना छापून दाखवलं. साहेब म्हणाले, "हे कॅन्सर बरा करतो म्हणत नाहीत, किडनी वाचवतो म्हणतात." म्हणजे चोराचा बचाव साहेबांनीच करायचा, आणि केमोच्या रांगेतून सुट्टी काढून आलेल्या माणसाने तो ऐकायचा. पोचपावतीही दिली नाही. तुम्ही ती घेतल्याशिवाय उठू नका.

पैसे गेले की त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पाहुण्यारावळ्यांना विचारत बसू नका. डबा, कुरिअरचं खोकं, यूपीआयचे स्क्रीनशॉट, काही फेकू नका. मी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. ते उंदरांचं माहितीपत्रक ज्यांना आलं असेल, त्यांनीही आपापल्या जिल्ह्यात तक्रार टाका, म्हणजे एकटीदुकटीची तक्रार म्हणून कोणी बाजूला सारणार नाही.