विंगर की विंग-बॅक? भाच्याच्या निमित्ताने मांडलेला हिशोब

माझा भाचा १७ वर्षांचा, राहतो फोंड्याजवळ, फुटबॉल खेळतो लेफ्ट विंगवर, म्हणजे डाव्या कडेने अटॅक करणारा विंगर (आमच्या वेळी ह्यालाच लेफ्ट आउट म्हणायचे), आणि गेल्या महिन्यात त्याच्या कोचने सांगितलं की पुढच्या सीझनपासून तू विंग-बॅक. झालं, साहेब आठवडाभर रुसून बसले. शेवटी ताईचा फोन आला, तू खेळलायस ना रे, तूच बोल त्याच्याशी, मला तर दोन्हीतला फरकच कळत नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतोय, कारण गोव्यात अशा घरांची काही कमी नाही.

ताईसाठी आधी सोपं करून सांगतो. मागे तीन स्टॉपर (गोलसमोर मधोमध उभे राहणारे डिफेंडर) असतात तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंना साइडलाइनची पूर्ण पट्टी एकेकट्याने सांभाळतो तो विंग-बॅक. त्याच्यापुढे बहुतेक वेळा खास विंगर नसतो, म्हणजे अटॅकला क्रॉसही (कडेवरून गोलसमोर टाकलेला बॉल) त्यानेच टाकायचा आणि बॉल गेला की धावत मागे येऊन डिफेंडही त्यानेच करायचं. मागे चौघं असतील तर कडेच्या दोघांना फुल-बॅक म्हणतात, त्यांच्यापुढे विंगर असतो. भाच्याचं म्हणणं एकच, मामा, विंगरला गोल मिळतात, रील्स बनतात, विंग-बॅकला कोण विचारतं? खोटं नाही ते. पैसेसुद्धा गोल मारणाऱ्याला जास्त, हेही खरं.

पण टीममध्ये जागा कोणाला मिळते ते बघा. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी ४ परदेशी मैदानात उतरवता येतात. क्लब हे चार कुठे खर्च करतात? स्ट्रायकर, मिडफिल्ड, स्टॉपर, आणि अधूनमधून विंगर. एफसी गोवाचा नोआ सदाउई आठवतो ना, २०२२ ते २०२४, डाव्या बाजूने काय छळायचा समोरच्याला. आता तुम्ही लेफ्ट विंगर आणि तुमच्या जागेवर नोआ, तर वर्षभर बेंचवर बसून टाळ्या वाजवायच्या. फुल-बॅकच्या जागेवर मात्र परदेशी खेळाडू फारसा कोणी आणत नाही, ती जागा भारतीय पोरांचीच, आणि डाव्या पायाचा पोरगा म्हणजे तर तयार भांडवल.

आणि मंदार राव देसाई आहे की आपला. डेम्पो ह्या गोव्यातल्या जुन्या क्लबमधून आलेला, आयएसएलच्या पहिल्या म्हणजे २०१४ च्या सीझनपासून एफसी गोवात, लेफ्ट विंगर म्हणूनच. लोबेरा कोच म्हणून आले आणि त्यांनी ह्याला खाली लेफ्ट-बॅकला आणलं. तेव्हा फातोर्ड्याला, एफसी गोवाच्या मैदानावर, स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसलेला एक काका म्हणालेला की पोराचं वाटोळं केलं, मीही मान डोलावली होती. पुढे काय झालं? आयएसएलमध्ये १०० मॅच खेळणारा पहिला खेळाडू तोच, २०२० ला मुंबई सिटीत गेला आणि पहिल्याच सीझनला लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिलं येण्याची) आणि ट्रॉफी (फायनल जिंकण्याची) दोन्ही, मग ईस्ट बंगाल, चेन्नईयिन. विंगरच राहिला असता तर एवढं लांब गेला असता का? मला नाही वाटत.

आता उलट बाजू, आणि ही कोच लोक पोरांना सांगत नाहीत म्हणून जरा सविस्तर लिहितो. विंग-बॅक ही जागा कोचच्या डोक्यावर अवलंबून असते. व्हिक्टर मोझेस बघा. इंग्लंडच्या चेल्सी क्लबचा विंगर, पण तीन सीझन लिव्हरपूल, स्टोक, वेस्ट हॅम असा लोनवरच, म्हणजे दुसऱ्या क्लबांना उसना दिलेला, फिरत होता. २०१६ च्या सप्टेंबरात चेल्सी आर्सेनलकडून ०-३ हरली, कोच काँतेने ३-४-३ लावलं (मागे तिघं, मध्ये चौघं, पुढे तिघं), मोझेसला उजवा विंग-बॅक केला, सलग १३ मॅच जिंकले आणि लीगच मारली. एकदम हिरो. मग २०१८ ला काँते गेला, त्याच्या जागी कोच म्हणून सारी आला, त्याने मागे चौघं ठेवले आणि मोझेसची जागाच गायब! २०१९ च्या जानेवारीत परत लोनवर, तुर्कस्तानच्या फेनरबाचेला. आणि पुढच्या वर्षी त्याला इटलीच्या इंटरमध्ये नेलं कोणी? काँतेनेच. पाय तेच होते, फक्त कोच बदलत होता.

आपल्याकडे तर बहुतेक टीम मागे चौघंच ठेवतात. म्हणून मी भाच्याला म्हटलं की नुसता विंग-बॅक होऊ नकोस, फुल-बॅक हो, मग विंग-बॅक आपोआप होशील. मोरोक्कोचा हकीमी बघा, काँतेच्या इंटरमध्ये विंग-बॅक खेळून सेरी आ (इटलीची लीग) जिंकला, पॅरिसच्या पीएसजीत चौघांच्या लाइनमध्ये खेळून २०२५ ला चॅम्पियन्स लीग जिंकला. त्याला दोन्ही येतं, त्यामुळे कोच कोणीही येवो, त्याचं अडत नाही.

आणि चौघांच्या लाइनमध्ये खेळायचं तर विंगरला न येणारी एक गोष्ट शिकावी लागते, मागे बघायची. म्हणजे काय ते सांगतो. बॉल उजव्या बाजूला आहे, तू लेफ्ट-बॅक, तू आत सरकलेला, सगळ्यांसारखा बॉलकडे बघतोयस. तिकडून लांब क्रॉस तुझ्या बाजूच्या, म्हणजे लांबच्या गोलखांबाकडे येतो, तुझ्या डोक्यावरून, आणि समोरच्यांचा राइट विंगर तुझ्या पाठीमागून आरामात हेड मारतो. मी फर्स्ट डिव्हिजनमध्ये राइट-बॅक होतो, ७० मिनिटं एकदम मस्त गेली, ७२ व्या मिनिटाला नेमका असाच गोल खाल्ला, आणि साइडलाइनवरून कोचची हाक आली 'फाटीं पळय रे!' (मागे बघ रे!), तीही गोल झाल्यावर. अजून कधीतरी झोपेत ऐकू येते. ह्यावर उपाय काही मोठा नाही, छाती अर्धी बॉलकडे अर्धी साइडलाइनकडे उघडी ठेवायची आणि दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून माणूस कुठे आहे ते बघायचं, पण ती सवय लागायला वर्ष जातं. १७ व्या वर्षी लागते. मला २४ व्या वर्षी खाली आणलं, त्यात त्या कोचने एकाच सीझनला तीनदा जागा बदलली, मला शेवटपर्यंत जमलं नाही, तो राग वेगळा.

शरीराचं म्हणाल तर दोघांनाही धावायचंच आहे, पण विंगर बॉल गेल्यावर कधी कधी कमरेवर हात ठेवून उभा राहू शकतो, विंग-बॅकला ती चैन नाही. मोठ्या लेव्हलला ९० मिनिटांत १०-११ किलोमीटर, आणि त्यात स्प्रिंट भरपूर. म्हापशाजवळ धुळेरच्या कृत्रिम टर्फवर एप्रिलमधली दुपारची मॅच खेळून बघा, बुटात काळी रबराची रेती, तळवे भाजतात आणि ६० व्या मिनिटाला तुम्ही चाळिसावा ओव्हरलॅप (बॉलवाल्या साथीदाराच्या बाहेरून पुढे धाव) मारताय. पहिली जाते ती हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू. भाच्याला नॉर्डिक नावाचा व्यायाम करायला लावलंय, गुडघ्यावर बसायचं, टाचा कोणीतरी धरायच्या आणि हळूहळू पुढे पडायचं. नियमित केलं तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात असं अभ्यासात दिसलंय. सध्या टाचा ताई धरते, एका हाताने, दुसऱ्या हातात मोबाइल.

पण वय वाढल्यावर गणित फिरतं. विंगरचा स्पीड तिशीला उतरला की त्याच्याकडे दुसरं फारसं काही उरत नाही. बॅकला डोक्याने खेळता येतं. कॅफू २००२ ला ब्राझीलचा कॅप्टन, विंग-बॅकच, वर्ल्ड कप उचलला तेव्हा ३२ चा होता आणि मिलानमध्ये ३७ पर्यंत खेळला.

ही वाट एकेरी आहे असंही समजू नका. गॅरेथ बेल लेफ्ट-बॅक होता, पुढे विंगर होऊन २०१३ ला रिअल माद्रिदला गेला. आर्सेनलचा विंगर साकाही तिथे आधी बरंच डावीकडे मागे खेळला. डिफेन्स शिकल्याने कोणाचा ड्रिबल चोरीला जात नाही.

पैशाचं आणि बारावीचं थोडक्यात. २०१६ ला डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून (देशाची दुसरी राष्ट्रीय लीग) बाहेर पडले, आणि डेम्पो म्हणजे पाच वेळा देशाची लीग जिंकलेला क्लब. २०२५-२६ ची आयएसएल तर वेळेवर सुरूच झाली नाही, कित्येक महिने लटकली. अशा वेळी विंगर आणि विंग-बॅक दोघंही सारखेच घरी बसतात, त्यामुळे बारावीची परीक्षा दे, ह्यावर चर्चा नाही.

माझा कौल, त्याच्यापुरता: पायात स्पीड आहे, क्रॉस बरा आहे, पण गोलसमोर गडबडतो, गेल्या सीझनला समोर एकटा गोलकीपर असताना दोनदा बाहेर मारला. अशा पोराने जावं खाली. ज्याला बॉक्समध्ये शांत राहता येतं, दोन्ही पायांनी मारता येतं, त्याने विंगवरच राहावं आणि कोचशी भांडावं.

भाचा अजून पूर्ण पटलेला नाहीये. काल विचारत होता, मामा, (लेफ्ट विंगरचा) ११ नंबर राहील ना पण? म्हटलं, ते कोचला विचार, आणि त्याला हेही विचार की मागे तिघं ठेवणार की चौघं. रविवारी सकाळी ७ ला ग्राउंडवर बोलावलंय, मी उजवीकडून लांब बॉल टाकणार आणि त्याच्या धाकट्या भावाला गुपचूप त्याच्या पाठीमागे उभा करणार.