मिरची कुठे लावायची: नदीकाठचे दोन गुंठे, रिकामा प्लॉट की गच्ची?

सांगलीत शेती नाही, पण घरची भाजी करायची हौस आहे, अशा माणसापुढे तीन वाटा असतात. नदीकाठी कुणाच्या तरी रानातले दोन गुंठे खंडाने घ्यायचे, उपनगरात पडून असलेला एखादा प्लॉट मालकाला विचारून कसायचा, नाहीतर सरळ गच्चीवर बादल्या मांडायच्या. भाजी तिन्हीकडे येते. मिरचीच्या बाबतीत मात्र पुष्कळांचा अंदाज चुकतो. काळीभोर गाळाची जमीन दिसली की मिरची फोफावणार असं वाटतं. खरं तर मिरचीला सुपीकतेपेक्षा निचरा जास्त लागतो. मुळाशी दोन दिवस पाणी साचलं की भरल्या फुलातलं झाड माना टाकतं आणि मग कुठलंच औषध कामाला येत नाही.

म्हणून आधी नदीकाठचं. कृष्णेची मळी, म्हणजे काठची गाळाची जमीन, वांग्यासाठीच केलेली आहे. भरताचं, भरल्याचं काटेरी देठाचं वांगं तिथे जसं येतं तसं कुंडीत कधीच येणार नाही. मेथी, कोथिंबीर, मुळा, गवार, कांदा हेही तिथलेच. पण खंड ठरवताना हंगाम बघा. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेवढा पूर दरवर्षी येत नाही हे खरं. पण सखल रानात पाणी शिरायला तेवढ्या पुराची गरजही नसते. सांगलीत ऊन पडलेलं असतं आणि वर महाबळेश्वर-कोयनेच्या पावसाने इथली नदी फुगते. जूनमध्ये रोप लावून ऑगस्टमध्ये पहिला तोडा धरायचा, तेव्हाच हा धोका डोक्यावर असतो. नदीकाठची जमीन घ्यायचीच तर दसऱ्यानंतर घ्या, मे अखेर सोडा, आणि मिरची लावलीच तर सपाट वाफ्यात न लावता उंच सरीच्या बगलेला लावा.

दुसरी गोष्ट क्षारांची. मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन देऊन पुष्कळ जमीन क्षारपड झाली आहे. उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरी पूड दिसली तर मालक कितीही गोड बोलला तरी हात जोडा. पालक, बीट तग धरतील. मिरची आणि घेवडा नाही. शंका असेल तर माती तपासून घ्या आणि अहवालात क्षारता, म्हणजे ईसी, १ च्या आत आहे का तेवढं आधी पाहा.

तिसरी गोष्ट शेजारच्या उसाची, आणि ही कुणी सांगत नाही. उसातलं रुंद पानाचं तण मारायला टू-फोर-डी फवारतात. वारा तुमच्या बाजूला असला की मिरची, टोमॅटो, वांगं यांची पानं पिळवटतात. लोक त्याला चुरडा-मुरडा, म्हणजे मिरचीची पानं आकसण्याचा रोग, समजून भलतीच फवारणी करत बसतात. रान घेण्याआधी बांधापलीकडे काय आहे आणि फवारणी कधी होते ते विचारा. उसाचा फायदाही आहे: पाचट फुकट मिळतं, ते रोपांभोवती अंथरलं की ओल टिकते आणि भांगलण निम्मी होते.

व्यवहार तोंडीच असतो. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या धास्तीने मालक कागद करत नाहीत. विहिरीची मोटर किती वेळ मिळणार तेही तोंडीच, आणि शेतीपंपाची वीज दिवस-रात्र पाळीने येते. नोकरी करणाऱ्याला रात्रीचं पाणी पाजणं जमेल का, हा प्रश्न बियाण्याच्या आधीचा.

रिकाम्या प्लॉटवर बहुतेक मुरमाचा, डबराचा भराव असतो. बघणारा नाक मुरडतो, पण मिरचीला हेच आवडतं. निचरा आपोआप होतो, ऊन दिवसभर असतं, फक्त एक-दोन ट्रॉली माती आणि कुजलेलं शेणखत घालून वाफे उंच करावे लागतात. मेथी-कोथिंबीर तिथे खुरटी येते. अडचणी तीन: पाणी, शेळ्या आणि मालकाचा भूमिपूजनाचा मुहूर्त. शेजारच्या घरातून नळी मिळत असेल तरच या वाटेला जा.

गच्चीवर हिशेब वेगळा. तिथे जमीन नाही, वजन आहे. १५ लिटरची बादली ओल्या मातीने भरली की २०-२५ किलो होते, म्हणून कोकोपीट आणि शेणखत जास्त, माती कमी. बादल्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईच्या रेषेवर, विटांवर ठेवा. एप्रिलच्या उन्हात फुलं गळतात, त्यावर ५० टक्के सावलीची जाळी आणि दोन वेळा पाणी हाच इलाज. पण रोज सकाळी झाड डोळ्यांसमोर असतं, हा फायदा दोन गुंठेवाल्याला कधीच नाही. पानं वरच्या बाजूला वळली की फुलकिडे, खाली वळली की कोळी, दोन्ही रस शोषणाऱ्या बारीक किडी. हे पहिल्या पानावर ओळखलं तर निंबोळी अर्कावर भागतं. चौघांच्या घराला हिरव्या मिरचीची सहा-आठ झाडं पुरतात. त्यासाठी ज्वाला किंवा घोसात लागणारी फुले ज्योती घ्या.

वर्षाच्या चटणीची लाल मिरची मात्र गच्चीच्या आवाक्यातली नाही. बागायती वाळकी मिरची हेक्टरी २० क्विंटलच्या आसपास धरली तर गुंठ्याला २० किलो पडते. घराला पाच किलो हवी तर पाव गुंठा, म्हणजे शंभरेक झाडं. एवढी जागा प्लॉटवर सहज निघते. तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी लावा. रंगाची ब्याडगी बाजारातूनच आणा. तिचा सुरकुतलेला गडद रंग हावेरीकडच्या रानातच उतरतो, असं माझं मत.

तेव्हा पोळीबरोबर ठेचा एवढीच गरज असेल तर गच्ची. चटणी करायची असेल आणि पाण्याची सोय असेल तर प्लॉट. नदीकाठ वांग्यासाठी घ्या, तोही दसऱ्यानंतर. आणि तिन्हीकडे एक पाळा: संकरित वाणाच्या मिरचीचं बी पुढच्या वर्षाला धरू नका, झाडं एकसारखी येत नाहीत. बी धरायचं तर देशी वाणाच्या निरोगी झाडावरची, पूर्ण लाल झालेली मिरची निवडा, आणि तिच्या आसपास दुसरी जात लावू नका, कारण मधमाश्यांमुळे मिरचीत भेसळ होते.