सहा इंची डॉब्सोनियन, आमच्या स्लॅबवरची वेधशाळा

तर राजेहो, सहा महिने झाले हा डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप, घेऊन, आता लिहायला हरकत नाही. आरसा 150 मिमी, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर) 1200 मिमी, म्हणजे 25 मिमीच्या आयपीसने (डोळा लावायचं भिंग) 48 पट न 10 वाल्याने 120 पट. शनीची कडी 48 लाच दिसते, आजीनं डोळा लावला न म्हणे, "काहून रे, आत स्टिकर चिकटवलं काय?"

दुकानदाराचं मात्र काय सांगू, पार्सल तालुक्यालाच टाकून मोकळा, मग मी एसटीत ती नळी उभी धरून गावात आणली, उघडतो तर नेम धरायच्या फाइंडरचा स्क्रू तुटलेला, किती फोन केले तेव्हा नवीन आला. वरून आरसा हललेला. कॉलिमेशन, म्हणजे आरसे नीट एका रेषेत आणणं, शिकण्यात दोन रात्री गेल्या, हे विकताना कोणी सांगत नाही.

पोट्टे मला डायरेक्टर साहेब म्हणतात. मीच त्यायले सांगितलं होतं की कुरुंदवाडात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी 2006 ते 2018 अमेरिकेत कॅलटेक या विज्ञान संस्थेच्या ऑप्टिकल वेधशाळांचे डायरेक्टर होते. त्यातल्याच पालोमार वेधशाळेतल्या हेल दुर्बिणीचा आरसा 200 इंची, माझ्याहून साधारण अकराशे पट प्रकाश गोळा करणारा! माझं डायरेक्टरपण म्हणजे पोट्ट्यांची लाइन लावणं न शेजाऱ्याले एलईडी बंद कर म्हणणं, तो काही ऐकत नाही.

पण थंडीत लाइट गेली की मृगातला तेजोमेघ काय दिसते बापा! चार स्टार, एक त्या स्क्रूचा कापला.